सवलत दहावीला, गरज दुसरीला

पालकसभेत बाईंनी धाकट्याची वही माझ्यापुढे सरकवली. ‘दिवस’ हा शब्द त्याने दहा वेळा लिहिला होता आणि त्यातल्या सात वेळा ‘द’वरची वेलांटी उडून ‘व’वर जाऊन बसली होती. दविस, दविस, दविस. बाई म्हणाल्या, “अहो ताई, पोरगा हुशार आहे. तोंडी विचारा, सगळं येतं. नुसता आळस. घरी बसवत जा जरा.” तेव्हा तो दुसरीत होता. मलाही तो आळसच वाटला. मी पतपेढीत कारकून आहे, आकड्यातली चूक दिसली की हात शिवशिवतो. दोन वर्षं रोज संध्याकाळी त्याला शुद्धलेखनाला बसवलं. शेवटी संध्याकाळ झाली की त्याचं पोट दुखायला लागायचं, आणि खरं सांगायचं तर माझंही.

चौथीत तपासणी झाली, विशिष्ट अध्ययन अक्षमतेचा कागद हातात आला. लोक ज्याला डिस्लेक्सिया म्हणतात तेच. कागद घेऊन मी मुख्याध्यापकांकडे गेले. त्यांनी तो नीट वाचला, चष्मा काढला आणि धीर दिला: “काळजी करू नका. दहावीला सगळ्या सवलती मिळतील त्याला.”

समोर नऊ वर्षांचं मूल आणि उपाय सहा वर्षांनंतरचा! मनात कपट नसलेल्या माणसाचं ते वाक्य होतं, म्हणूनच ते जास्त लागलं. धाकटा आता सातवीत आहे. पुढचे मुद्दे त्या एका वाक्याला उत्तर म्हणून लिहिते आहे.

१. आधी ‘सवलत’ हा शब्द तपासू. सवलत एसटीच्या तिकिटात असते, घरपट्टी वेळेत भरली की असते. देणारा मोठा, घेणारा लहान. मिळाली तर आभार मानायचे, नाही मिळाली तर गप्प बसायचं. चष्मा लागलेल्या मुलाला आपण ‘चष्म्याची सवलत’ दिली असं म्हणत नाही. मग हळू वाचणाऱ्या मुलाला जास्तीचा वेळ दिला की ती सवलत कशी होते? २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमात शब्द आहे तो मुलाच्या गरजेप्रमाणे करायच्या वाजवी तजविजीचा, आणि ती करणं हे शाळेचं कर्तव्य म्हणून लिहिलं आहे. मी अर्जात ‘सवलत’ लिहिणं बंद केलं. ‘तजवीज’ लिहिते. कारकुनाला हा शब्द ओळखीचा असतो. रकमेची तजवीज करतात, तशी तासिकेची करायची.

२. आता वेलांटीकडे येऊ, कारण सगळी गोम तिथेच आहे. मराठी जसं बोलतो तसं लिहितो, मग त्यात अडायचं काय, असं शिकलेसवरलेले लोकही विचारतात. त्यांनी ‘दि’ हे अक्षर एकदा संथपणे लिहून बघावं. तोंडात आधी ‘द’ येतो, मग ‘इ’. कागदावर वेलांटी मात्र ‘द’च्या आधी उभी. ‘सूर्य’ म्हणताना ‘र’ आधी आणि ‘य’ नंतर. लिहिताना ‘य’ काढून झाला की ‘र’ त्याच्या डोक्यावर रफार होऊन बसतो. तोच ‘र’ ‘चंद्र’मध्ये पोटात तिरका, ‘ट्रक’मध्ये पायाखाली टोपीसारखा आणि ‘सुऱ्या’मध्ये वेगळाच वाकडा. एका आवाजाची इतकी सोंगं. बहुतेक मुलं हे नकळत गिळून टाकतात. काही मुलांना आवाज आणि खूण यांची गाठ आपोआप बसत नाही. ती पुन्हापुन्हा, सुटी सुटी करून, डोळा, कान आणि हात तिन्ही कामाला लावून बांधावी लागते. अक्षर बोटाने गिरवायचं, त्याच वेळी त्याचा आवाज मोठ्याने काढायचा, मग ते डोळे मिटून, पाठीवर काढलेलं ओळखायचं. ही पद्धत अमेरिकेत सॅम्युअल ऑर्टन आणि ॲना गिलिंगहॅम यांच्या नावाने ओळखली जाते. मला ती पहिल्यांदा दाखवली तेव्हा आजीची धूळपाटी आठवली. धुळाक्षरं गिरवायची ती नेमकी अशीच, तोंडाने म्हणत आणि बोटाने रेघ ओढत. धूळपाटी गेली, पाटी गेली, आता पहिल्याच महिन्यात मुलाच्या हातात पेन्सिल आणि चौकटीची वही येते.

मला सांगायचं आहे ते एवढंच की हे शिकवण्याचं काम आहे. गुण वाढवून देण्याचं नाही. पाठीवर अक्षर ओळखायला लावणारा माणूस आठवड्याला चार तासिका मिळाला तर सातव्या वर्षी फरक पडतो. पंधराव्या वर्षी तीन तासांच्या पेपराला एक तास जास्त मिळाला तर तो तास तेच न शिकलेलं वाचण्यात जातो.

३. सात, आठ, पंधरा. हे तीन आकडे मी वहीच्या मागच्या पानावर लिहून ठेवले आहेत. अडचण दिसते सातव्या वर्षी, दुसरीत. प्रमाणपत्राची वाट उघडते साधारण आठ वर्षं पूर्ण झाल्यावर, कारण त्याआधी मूल नुसतं उशिरा शिकतंय की खरी अक्षमता आहे हे खात्रीने सांगता येत नाही. ते बरोबरच आहे. आणि सगळी यंत्रणा हलते पंधराव्या वर्षी, दहावीचा अर्ज भरताना.

असं का झालं, याला इतिहास आहे. अध्ययन अक्षमता असलेल्या मुलांना शालान्त परीक्षेत सोयी द्यायला महाराष्ट्राने १९९६ मध्ये सुरुवात केली, देशात सर्वांत आधी. त्या वेळी लागू असलेल्या १९९५ च्या केंद्रीय कायद्यात दिव्यांगत्वाचे सातच प्रकार होते आणि त्यात अध्ययन अक्षमता नव्हती. म्हणजे केंद्राला जे वीस वर्षांनी सुचलं ते आपल्याकडे आधी झालं. अभिमान वाटावा अशीच गोष्ट. पण सुरुवात झाली ती परीक्षेपासून, आणि आपण परीक्षेपाशीच थांबलो. वेळ जास्त, लेखनिक, गणकयंत्र, एखादी भाषा सोडण्याची मुभा, हे सगळं शाळेच्या कारकुनालाही तोंडपाठ. कारण त्याचा निकालाशी संबंध आहे आणि निकालाचा शाळेच्या दारावरच्या फलकाशी.

२०१६ चा अधिनियम १९ एप्रिल २०१७ ला लागू झाला. त्यात दिव्यांगत्वाचे प्रकार २१ झाले, अध्ययन अक्षमता आली. त्याच्या कलम १६ मध्ये शाळांची कर्तव्यं सांगितली आहेत. सहावं कर्तव्य असं, की मुलांमधली विशिष्ट अध्ययन अक्षमता शक्य तितक्या लवकर ओळखायची आणि तिच्यावर मात करण्यासाठी अध्यापनाचे व इतर योग्य उपाय योजायचे. परीक्षेतल्या बदलांचा उल्लेख पुढे कलम १७ मध्ये येतो. कायद्याने क्रम नीट लावला आहे, आधी ओळख आणि शिकवणं, मग परीक्षा. शाळेने तो उलटा वाचला.

लवकर ओळखायचं तर मराठीत साधन हवं, इंग्रजी शब्द वाचायला लावून मराठी शाळेतल्या मुलाची परीक्षा कशी घेणार, हा प्रश्न पूर्वी रास्त होता. हरियाणातल्या मानेसरच्या राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्राने २०१५ मध्ये ‘डाली’ नावाची चाचणी तयार केली. सुरुवातीच्या चार भाषांमध्ये हिंदी, कन्नड आणि इंग्रजीच्या बरोबरीने मराठी होती. तिच्यात पहिली-दुसरीच्या मुलांसाठी शिक्षकांनी भरायची प्राथमिक चाळणीही आहे. त्या चाळणीने निदान होत नाही, पण कोणत्या मुलाकडे लक्ष द्यायला हवं ते कळतं. धाकट्याच्या दुसरीत ती कुणी भरली असती तर? असो.

४. “प्रमाणपत्र आणा, मग बघू.” हे वाक्य मी तीन वेगवेगळ्या टेबलांवर ऐकलं. प्रमाणपत्रासाठी जिल्ह्याच्या ठिकाणी दोन हेलपाटे फुकट गेले. एकदा मानसतज्ज्ञ रजेवर, एकदा चाचणीचे कागद संपलेले. तिसऱ्या खेपेला काम झालं. या सगळ्यात शाळेचं अख्खं वर्ष गेलं आणि त्या वर्षात मुलासाठी कुणी काही केलं नाही, कारण कागद नव्हता.

चाळीस टक्क्यांचा दाखला लागतो तो आरक्षण, शिष्यवृत्ती, मोफत शिक्षण अशा ठरावीक लाभांसाठी. वर्गातल्या वाजवी तजविजीसाठी तो दाराशी अडवणारा पहारेकरी नाही. फेब्रुवारी २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विकास कुमार या उमेदवाराच्या प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याला लिहिताना हात आखडण्याचा विकार होता, चाळीस टक्क्यांचा दाखला नव्हता, म्हणून लोकसेवा आयोगाने लेखनिक नाकारला. न्यायालयाने सांगितलं की लेखनिकाची सोय चाळीस टक्क्यांच्या कुंपणात कोंडता येत नाही. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये अवनी प्रकाश या मुलीचं प्रकरण आलं. लेखन अक्षमता असलेल्या या मुलीला वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत हक्काचा जास्तीचा तास मिळाला नव्हता. न्यायालयाने फेरपरीक्षा दिली नाही, पण झालेला अन्याय दुरुस्त कसा करायचा ते ठरवा असं परीक्षा घेणाऱ्या संस्थेला बजावलं. आता, हे दोन्ही खटले पुन्हा परीक्षेचेच आहेत हे तुमच्या लक्षात आलं असेल. दुसरीतल्या मुलाच्या न झालेल्या तासिकेसाठी कोण सर्वोच्च न्यायालयात जाणार?

५. बाईंवर माझा राग नाही. एका वर्गात पस्तीस मुलं, वरून पोषण आहाराच्या नोंदी, ऑनलाइन माहिती, निवडणुकीची कामं. एका मुलाच्या पाठीवर अक्षर काढत बसल्या तर उरलेल्या चौतिसांचं काय? डी.एड.ला अध्ययन अक्षमतेवर एखादं प्रकरण शिकवून आपण त्यांच्याकडून डॉक्टर, मानसतज्ज्ञ आणि शिक्षक अशी तिन्ही कामं मागतो. माझी तक्रार एवढीच, की बाईंनी अडचण पाहिली होती. ती लिहिली नाही.

धाकट्याची दुसरी ते चौथीची प्रगतिपुस्तकं मी जपून ठेवली आहेत. तीन वर्षं, सहा सत्रं. वर्णनात्मक नोंदीच्या रकान्यात सहाही ठिकाणी एकच ओळ आहे: ‘लेखनात सुधारणा आवश्यक.’ एका ठिकाणी तर शाईही बदललेली नाही, तीसेक पुस्तकं एका बैठकीत भरलेली दिसतात. ‘वेलांटीची जागा चुकते, तोंडी उत्तरं अचूक, फळ्यावरून उतरवताना ओळ गाळतो’ एवढं जरी तिथे असतं तरी पुढच्या माणसाला धागा मिळाला असता. तो रकाना त्यासाठीच आहे.

६. मग हे काम करायचं कुणी? विशेष शिक्षकाने. त्यासाठी वेगळी पदविका किंवा बी.एड. असते आणि भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदणी लागते. (खाजगी वर्ग चालवणाऱ्या ‘रेमेडियल’ मॅडमना हा नोंदणी क्रमांक विचारा. काहींच्या चेहऱ्यावरचे भाव बघण्यासारखे असतात.)

किती विशेष शिक्षक हवेत हेही आता मोघम राहिलेलं नाही. ऑक्टोबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रजनीश कुमार पांडे प्रकरणात प्रमाण घालून दिलं: प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे एक, पुढच्या वर्गांना पंधरांमागे एक. मार्च २०२५ मध्ये न्यायालयाला राज्यांना पुन्हा सांगावं लागलं की पदं मंजूर करून जाहीर करा आणि भरा. महाराष्ट्राने २०२४ मध्ये केंद्रस्तरावर ४,८६० पदांना मंजुरी दिली, म्हणजे शाळांच्या दर केंद्राला एक. पुढचं पाऊल म्हणून चांगलं आहे. पण आमच्यासारख्या तालुक्यातल्या केंद्राचं गणित मांडा. दहा-बारा शाळा, एक विशेष शिक्षक. रोज एक शाळा केली तरी आपल्या शाळेची पाळी दोन आठवड्यांनी येणार. त्यात प्रशिक्षणं, शिबिरं, साहित्यवाटप, माहिती भरणं. मी आठवड्याला चार तासिका मागते आहे, आणि व्यवस्थेची ऐपत महिन्याला दोन भेटींची.

म्हणून आम्हा पालकांची मागणी दुहेरी आहे. दहाला एक हे प्रमाण केंद्राच्या नव्हे, मुलांच्या संख्येवर लावा. आणि तोवर विशेष शिक्षकाने भेटीच्या दिवशी मुलाला बाहेर काढून एक पान गिरवून घेण्यापेक्षा बाईंना पंधरा दिवसांचा पाठ आखून द्यावा. रोजची वीस मिनिटं बाईंची, आखणी विशेष शिक्षकाची. हे कुणाच्या अधिकाराबाहेर नाही.

७. पैशांचं एका परिच्छेदात उरकते. समग्र शिक्षा योजनेत विशेष गरजा असलेल्या मुलामागे वर्षाला ३,५०० रुपयांपर्यंत तरतूद आहे. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीचे किमान २०० दिवस धरले तर दिवसाला साडेसतरा रुपये. एका वडापावाचे. यावर आणखी काय बोलणार.

८. आता कागद. पतपेढीत पहिल्या आठवड्यात शिकवतात की नोंद नाही तर व्यवहार नाही. शाळेत मात्र आम्ही पालक चारचार वर्षं तोंडी व्यवहार करतो. “सर म्हणाले बघतो.” “बाई म्हणाल्या लक्ष देते.” बाईंची बदली होते, सर निवृत्त होतात, त्यांच्याबरोबर ते ‘बघतो’ही जातं.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत असते. तिच्या मुलीला अशीच अडचण आहे. तिथे १९७५ च्या कायद्यापासून प्रत्येक अशा मुलाची वैयक्तिक शिक्षण योजना लेखी करावी लागते. वर्षातून निदान एकदा बैठक होते, आईवडील त्या बैठकीचे सदस्य असतात. कोणती सेवा, आठवड्याला किती मिनिटं, कोण देणार, प्रगती कशी मोजणार, सगळं त्यात. तिथेही भांडावं लागतं, ती सांगते; शाळा तीस मिनिटं लिहिते, ही साठ मागते. पण भांडायला समोर आकडा असतो. आपल्या कायद्यात मुलाच्या गरजेनुसार आधार द्या आणि प्रत्येक दिव्यांग विद्यार्थ्याच्या प्रगतीवर लक्ष ठेवा, असं दोन्ही आहे. पालकाची सही असलेला एक कागद करा, एवढंच कुणी ठणकावून सांगितलेलं नाही. म्हणून तो आपणच करायचा.

मी पाचवीच्या सुरुवातीला केलेला कागद एका पानाचा होता. त्यात मोघम विनंती एकही नव्हती. आठवड्यात चार दिवस वीस मिनिटं वाचनाचा वेगळा पाठ, वार आणि तासिका नमूद करून. फळ्यावरचा मजकूर उतरवायला न लावता झेरॉक्स. तोंडी दिलेलं उत्तर आकारिक मूल्यमापनात ग्राह्य. इतिहास-भूगोलाच्या उत्तरात ऱ्हस्वदीर्घाचे गुण कापायचे नाहीत. आणि वर्गासमोर मोठ्याने वाचायला उभं करायचं नाही. हा शेवटचा मुद्दा धाकट्याने स्वतः सांगितला होता. इतर चार मान्य झाले नाहीत तरी चालतील म्हणाला, हा तेवढा लिही.

अर्ज दोन प्रतींत द्यायचा. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख, शिक्का घ्यायचा. “शिक्का कशाला ताई, आपलीच शाळा आहे,” असं म्हणतील. आपलीच आहे म्हणूनच, असं हसून सांगायचं आणि उभं राहायचं. पंधरा दिवसांनी स्मरणपत्र. त्यात पहिल्या अर्जाचा आवक क्रमांक आणि तारीख. भेटीत काही ठरलं तर घरी येऊन चार ओळींचं पत्र लिहायचं, ‘आज झालेल्या चर्चेनुसार आपण पुढील गोष्टी मान्य केल्या’, आणि त्याचीही पोच. भांडणापेक्षा या पत्राचा धाक जास्त असतो, हा अनुभव आहे.

९. शाळेने दाद दिली नाही तर? आधी केंद्रप्रमुख, मग गटशिक्षणाधिकारी. सहा ते चौदा वयातल्या मुलांसाठी शिक्षण हक्क कायद्याच्या कलम ३२ खाली स्थानिक प्राधिकरणाकडे लेखी तक्रार करता येते. तिचा निकाल तीन महिन्यांत द्यायचा असतो आणि त्यावर अपील राज्य बाल हक्क संरक्षण आयोगाकडे. दिव्यांग कायद्याच्या भंगाची तक्रार दिव्यांग आयुक्तांकडे, त्यांचं कार्यालय पुण्यात. या कायद्याचं उल्लंघन पहिल्यांदा झालं तर दहा हजारांपर्यंत दंड आहे, पण दंडाच्या गोष्टी पहिल्या भेटीत काढू नयेत. संस्थाचालक वकिलाला फोन लावतात आणि मूल बाजूला राहतं.

माहितीचा अधिकार मात्र जरूर वापरावा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, तीस दिवस. पंचायत समितीच्या शिक्षण विभागाला विचारायचं: आपल्या केंद्रात विशेष शिक्षक कोण, गेल्या वर्षी अमुक शाळेला भेटी किती, तारखा कोणत्या, यू-डायसमध्ये, म्हणजे शाळांच्या सरकारी माहिती-नोंदीत, अध्ययन अक्षमतेची किती मुलं नोंदवली. शेवटचा प्रश्न सर्वांत महत्त्वाचा. आमच्या शाळेच्या उत्तरात शून्य होतं. धाकटा तिथेच शिकत होता आणि त्याचा दाखला कपाटात होता. नोंद शून्य तर निधी शून्य, शिक्षक शून्य.

आणखी एक दार घरातलंच आहे. शाळा व्यवस्थापन समितीत तीनचतुर्थांश सदस्य पालक असतात आणि वंचित गटातल्या मुलांच्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा द्यावी लागते. २०१२ च्या दुरुस्तीपासून दिव्यांग मूल या वंचित गटात येतं. समितीची निवड बहुधा पंधरा मिनिटांत उरकते. त्या पंधरा मिनिटांत हजर राहायचं.

१०. विनाअनुदानित शाळा म्हणतात, हे सगळं सरकारी शाळांसाठी, आमच्याकडे ‘अशा’ मुलांची सोय नाही. कलम १६ सरकारी पैशावर चालणाऱ्या आणि सरकारमान्य, दोन्ही संस्थांना लागू आहे. मान्यतेचं प्रमाणपत्र त्यांनीच मुख्याध्यापकांच्या खुर्चीमागे फ्रेम करून लावलेलं असतं.

११. सगळा दोष शाळेचा असं लिहिलं तर ते खोटं होईल. यंदा जूनमध्ये आम्ही काही पालकांनी जुन्या प्राथमिक शाळेत एकत्र अर्ज द्यायचं ठरवलं. माझं मूल आता तिथे नाही, तरी मला टायपिंग येतं म्हणून मी होते. ज्यांच्या मुलांबद्दल बाईंनी खाजगीत सांगितलं होतं अशी सहा घरं. पाच घरांत सही झाली. सहाव्या घरी चहा झाला, पोहे झाले, आईने अर्ज दोनदा वाचला. मग म्हणाल्या, “वहिनी, पटतंय सगळं. पण मोठीची बोलणी चालू आहेत. धाकट्याला काही ‘आहे’ असं बाहेर गेलं तर पाहुणे मागे फिरतील.” मी काय बोलणार? वाचता न येणं आणि वेडं असणं यात आमच्या गावात अजून फरक करत नाहीत. २००७ च्या ‘तारे जमीन पर’ने हा शब्द घरोघर नेला हे खरं, त्याबरोबर अशी मुलं अलौकिक चित्रकार असतात असा समजही नेला. धाकट्याला चित्र अजिबात काढता येत नाही. त्याच्या वर्गशिक्षकांना याचंच जास्त आश्चर्य वाटलं होतं.

१२. “एकाला वेगळं दिलं की बाकीचे पालक विचारतात.” विचारू द्या. दुसरीच्या वर्गात सगळ्याच मुलांना बोटाने अक्षर गिरवत, आवाज काढत शिकवलं तर कुणाचं नुकसान होणार आहे? निपुण भारत अभियान २०२१ मध्ये सुरू झालं तेच मुळी तिसरीअखेर प्रत्येक मुलाला समजून वाचता यावं यासाठी, आणि त्याची मुदत २०२६-२७ आहे. सरकार दुसरी-तिसरीतल्या वाचनाची मोजणी करतंय. त्या मोजणीत मागे पडलेल्या मुलाची नुसती संख्या वर पाठवायची, की त्याला अध्ययन अक्षमतेच्या चाळणीकडे न्यायचं, एवढाच प्रश्न आहे. दोन्हींसाठी माणूस तोच, वर्ग तोच, फक्त एक फॉर्म जास्त.

१३. आमच्या पाच सह्यांच्या अर्जात मागण्या तीन होत्या. दुसरीच्या प्रत्येक मुलाची मराठीतली प्राथमिक चाळणी सप्टेंबरअखेर. चाळणीत सापडलेल्या मुलांना, दाखला असो नसो, आठवड्याला चार तासिका. आणि यू-डायसची नोंद दुरुस्त करणं. तिसरी मागणी आठवड्यात झाली, कारण तिला फक्त संगणक लागत होता. चाळणीसाठी विशेष शिक्षक दोन दिवस येऊन गेले. एक्केचाळीस मुलांपैकी चार मुलांच्या नावापुढे खूण झाली, त्यातलं एक ते सहाव्या घरातलं.

तासिकांवर मुख्याध्यापकांचं लेखी उत्तर आलं आहे. शाळेच्या लेटरहेडवर, जावक क्रमांकासह, जे आमच्या शाळेच्या इतिहासात बहुधा पहिल्यांदाच घडलं. चारऐवजी दोन तासिका, मंगळवारी आणि शुक्रवारी, ‘तूर्त’ दिवाळीपर्यंत, त्यानंतर ‘आढावा घेऊन’ पुढचं ठरेल. ‘तूर्त’खाली मी पेन्सिलने रेघ मारली आहे. आढाव्याची तारीख पत्रात नाही. ती लिहून घ्यायला उद्या दुपारच्या सुट्टीत जायचं आहे, पतपेढीतून अर्धी रजा टाकली आहे.